जुन्या पँटच्या पायातून सॅकला बाटलीचा कप्पा

माझी सॅक १५ लिटरची. एक चेन, आत एक पोकळी, बाहेरून एकही कप्पा नाही. घेताना हाच सुटसुटीतपणा आवडला होता. चालायला लागल्यावर लक्षात आलं की पाणी प्यायचं तर थांबायचं, सॅक उतरवायची, चेन उघडायची, स्वेटरखालून बाटली उपसायची, दोन घोट प्यायचे आणि मग सगळं पुन्हा जागच्या जागी भरायचं. दोनदा केलं की तिसऱ्या वेळी आपणच म्हणतो, राहू दे, पुढे पिऊ. त्या दिवशी संध्याकाळी परतले तेव्हा डोकं ठणकत होतं आणि बाटलीत निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते दिवसभर वाहिलं आणि प्यायलं मात्र नाही.

मैत्रिणीच्या सॅकला दोन्ही बाजूंना जाळीचे कप्पे आहेत. ती सॅक घालून बघितली. बाटली कशीबशी निघाली, परत काही जाईना. माझा उजवा खांदा पूर्वी एकदा आखडला होता, तेव्हापासून तो हात मागे पूर्ण वळत नाही, म्हणून आधी मला वाटलं की दोष माझाच. पण तिला विचारलं तर तीही हसली. ती बाटली काढते स्वतः आणि ठेवायला मागच्याला हाक मारते! कप्पा बाटली धरतो की नाही हे सगळेच बघतात. चालता चालता, न बघता, एका हाताने ती परत ठेवता येते का, हे बघायला हवं. पुढची सगळी मापं मी या एका कसोटीवर ठरवली आहेत.

खाली सांगते आहे तो माझा तिसरा कप्पा. पहिला होता नुसता रबरी दोरीचा जाळीदार विळखा. त्यातून बाटली पहिल्याच उतारावर निसटली आणि बरीच खाली जाऊन थांबली. दुसरा कप्पा मी सरळ सॅकच्या कुशीवर सपाट शिवला आणि त्यात हिशेब चुकला. तो हिशेब सांगते, कारण सपाट कप्पा शिवणारे बहुतेकजण तिथेच फसतात.

माझ्या बाटलीचा व्यास ९ सेंटीमीटर. मला वाटलं, अर्धी बाटली कापडाने झाकायची, म्हणजे घेराच्या निम्मं, १४ सेंटीमीटर, वर थोडी सैल म्हणून १८ घेतलं. पण कापड बाटलीच्या नुसत्या अर्ध्या अंगावरून जात नाही, दोन्ही बाजूंनी सॅकपर्यंत सरळ खालीही उतरतं. म्हणजे १४ अधिक साडेचार अधिक साडेचार, झाले २३. त्यातून सॅक भरली की तिची कूस बाहेर फुगते आणि बाटलीची जागा खाते, म्हणून आणखी ३. रिकाम्या सॅकवर माझा १८ सेंटीमीटरचा कप्पा ताणून ताणून बाटली घ्यायचा, भरलेल्या सॅकवर त्यात जेमतेम पेन्सिली राहिल्या असत्या.

म्हणून तिसऱ्या वेळी सपाट कप्प्याचा नाद सोडला आणि सॅकला बाहेरून अडकवायची स्वतंत्र नळी केली. सॅक भरलेली असो की रिकामी, नळीचं माप बदलत नाही. शिवाय नको तेव्हा काढून ठेवता येते. आणि नळी शिवायचीसुद्धा गरज नव्हती, कारण जुन्या पँटचा पाय म्हणजे तयार नळीच.

पँट कुठलीही चालत नाही. सुती नको: भिजली की जड होते, वाळता वाळत नाही. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची, चालण्यासाठी वापरतात तसली पातळ पण चिवट पँट घ्या. कापड कुठलं ते कळत नसेल तर शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा (शिवणीचा दोरा नव्हे) ओढून तो जाळून बघा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, भुरभुरीत राख झाली तर सुती. माझी पँट गुडघ्यावर फाटली होती, पण गुडघ्याखालचं कापड धड होतं, आणि आपल्याला लागतं तेवढंच.

बाकीचं सामान: जुन्या बॅगेचा २० मिलिमीटर रुंद विणलेला पट्टा, साधारण एक मीटर (ट्रेकवाले याला वेबिंग म्हणतात), तीन दांड्यांची दोन प्लॅस्टिक बक्कलं, तीही त्याच बॅगेची, ३ मिलिमीटर जाडीची रबरी दोरी, हातभर, खोकी बांधायला वापरतात ती प्लॅस्टिकची पॅकिंगपट्टी, ३५ सेंटीमीटर, आणि पॉलिएस्टरचा जाड दोरा. साधा सुती दोरा इथे वापरू नका, तो ओलाव्याने आणि घासण्याने लवकर तुटतो. जाड दोरा नसेल तर दात साफ करायचा मेण लावलेला दोरा उत्तम चालतो. दिसायला पांढराफटक दिसतो, पण तुटत नाही. हाताने शिवणार असाल तर अंगुस्तान आणि सुई ओढायला लहान पक्कड जवळ ठेवा. पट्ट्याचे दोन थर आणि कापडाचे दोन थर नुसत्या बोटांनी ओढून बघा, मग मी पक्कड का म्हणते ते कळेल.

आधी बाटली ठरवा, मग कात्री उचला. एकदा नळी झाली की ती त्या बाटलीचीच. बाटलीच्या सगळ्यात फुगीर भागाभोवती दोरी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. माझी २८ सेंटीमीटर भरली. नळीचा घेर किती ठेवायचा? ताईने सांगितलं, दीड सेंटीमीटर जास्त ठेव, चोख बसेल. ताई उत्तम शिवते, पण सॅक कधी पाठीवर घेत नाही. साडेएकोणतीसच्या नळीत बाटली खरंच चोख बसली आणि बाहेर काढल्यावर परत जाईना, कारण न बघता ठेवताना बाटलीचा तळ नळीच्या काठावर अडतो. घेर ३२ केला, म्हणजे बाटलीपेक्षा ४ सेंटीमीटर जास्त, तेव्हा हात आपोआप जागा शोधायला लागला. पँटचा पाय खाली निमुळता होत जातो, त्यामुळे ३२ चा घेर कुठे भरतो ते टेप लावून शोधा, आणि अरुंद बाजू खाली राहील असं धरा. सगळीकडेच जास्त भरत असेल तर पाय उलटा करून जुन्या शिवणीच्या आतून नवी टीप मारा.

लांबी: मला कप्पा १६ सेंटीमीटर खोल हवा होता. बाटली २१ सेंटीमीटर उंच आहे, वरचा ५ सेंटीमीटरचा भाग पकडायला बाहेर. वरच्या दुमडीला ३, तळाच्या शिवणीला १ आणि तळ चौकोनी करताना जे ४ जातात ते धरून २४ सेंटीमीटर. हे शेवटचे ४ पहिल्यांदा करणारा हमखास विसरतो आणि मग कप्पा उथळ होतो. कापल्यावर कडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळून भरकन फिरवा, म्हणजे धागे वितळून बंद होतात. ज्योतीत धरू नका, जवळून फिरवा. खिडकी उघडी ठेवा आणि हे पँटच्या तुकड्यावर आधी करून बघा.

आता पट्टा. तळ शिवायच्या आधीच तो लावायचा, कारण आत्ता नळी दोन्हीकडून उघडी आहे आणि हात आत जातो. अर्धा मीटर पट्टा घ्या. तो नळीच्या पाठीवर मधोमध उभा ठेवा. वरचं टोक नळीच्या तोंडाच्या (म्हणजे वरची ३ सेंटीमीटर दुमड सोडून जिथे काठ येईल तिथल्या) वर ५ सेंटीमीटर काढून, दुमडून त्याचा फास करा, म्हणजे त्यातून सॅकचा आवळायचा पट्टा (सामान हलू नये म्हणून सॅकच्या कुशीवर असतो तो) जाईल. फासाची दुमड खाली २ सेंटीमीटर तरी कापडावर यायला हवी, आणि तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारायची. नुसती आडवी टीप पुरत नाही: झटका बसला की पहिला टाका तुटतो आणि पुढचे पाठोपाठ उसवतात. चौकोन आणि फुलीत ओढ सगळीकडे वाटली जाते. त्याखाली पट्ट्याच्या दोन्ही कडांनी टीप मारत खाली या, पण वरून ३ सेंटीमीटर दुमडीची जागा आणि तळापासून ५ सेंटीमीटर मोकळं सोडा. हाताने शिवताना धावदोरा नको, उलटी टीप घाला, टाका ३ मिलिमीटरचा, दोरा दुहेरी. मशीनवर शिवत असाल तर १०० नंबरची सुई लावा आणि जिथे थर जास्त आहेत तिथे पायाने न चालवता हाताने चाक फिरवा.

पट्ट्याचं उरलेलं टोक खाली लोंबतं राहू दे. तळ शिवून झाला की ते तळाखालून पुढे नेऊन समोरच्या अंगावर ५ सेंटीमीटर चढवून तिथेही चौकोन आणि फुली मारायची. म्हणजे बाटली झोळीत बसल्यासारखी पट्ट्यावर बसते. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते, आणि पाय घसरला किंवा उडी मारली की झटका त्याच्या कितीतरी पट बसतो. पातळ कापडाने तो सोसायचा नाही. उचलायचं काम पट्ट्याचं, कापडाने बाटलीला फक्त आवरायचं.

तळ गोल कापून शिवायच्या भानगडीत पडू नका. नळी उलटी करा, खालचं तोंड सपाट जुळवून सरळ टीप मारा. मग एक कोपरा असा दाबा की नळीची बाजू आणि तळाची शिवण एकमेकींवर येतील. तिथे त्रिकोण तयार होतो. त्याच्या टोकापासून ४ सेंटीमीटरवर आडवी रेघ ओढा, ती ८ सेंटीमीटर लांब भरेल. त्या रेघेवर टीप. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. सुलटं केलं की ८ बाय ८ चा चौकोनी तळ होतो. बाटली ९ ची आणि तळ ८ चा कसा, असं ताईनेही विचारलं होतं. कापड कोपऱ्यांतून बाटलीकडे ओढलं जातं आणि ती नीट बसते. आतले त्रिकोण कापून टाकू नका, तळावर घडी घालून चार टाके घाला: घासली जाणारी जागा फुकटात दुहेरी होते. तळात एक भोक मात्र हवंच. तापवलेला खिळा पकडीत धरून टोचला की कडा वितळलेलं स्वच्छ भोक पडतं. ते नसेल तर पावसाचं पाणी कप्प्यात साचतं आणि बाटलीबरोबर तेही वाहावं लागतं.

आता तोंड. कप्प्याच्या तोंडाला इलॅस्टिक घालतात, विकतच्या सॅकलाही असतं. बाटली त्यात घट्ट राहते हे खरं, पण बाटली काढली की तोंड मिटतं, आणि मिटलेल्या तोंडात पाठीमागे, न बघता बाटली घालणं माझ्याच्याने होत नाही. मी उलटं केलं. दुमडीत प्लॅस्टिकची पॅकिंगपट्टी घातली, तोंड कायम उघडं, बादलीसारखं. पट्टीची टोकं कात्रीने गोल करा, २ सेंटीमीटर एकमेकांवर चढवा, चिकटपट्टी गुंडाळा, मग दुमड शिवा. माझ्या पहिल्या पट्टीची टोकं चौकोनीच राहिली होती. दुसऱ्याच फेरीत एक टोक कापड फाडून बाहेर आलं आणि कोपराला दिवसभर ओरखडे.

उघड्या तोंडातून बाटली पडू नये म्हणून वेगळी सोय: रबरी दोरीचा फास, वरच्या पट्ट्याच्या फासाखाली ओवून गाठ मारलेला, आणि तो बाटलीच्या मानेत अडकवायचा. लांबी अशी ठेवा की झाकणावरून जरा ताणूनच जाईल. सरकता लॉक मी लावला होता, काढून टाकला. तो दाबायला एक हात आणि दोरी ओढायला दुसरा लागतो, आणि दुसऱ्या हातात काठी असते. फासाला पट्ट्याचा बोटभर तुकडा शिवला की चाचपडताना लगेच सापडतो.

राहिलं सॅकला जोडणं, आणि इथे घाई करू नका. सॅक नेहमीसारखी भरा, पाठीवर घ्या, आरशासमोर नको, कुणाला तरी मागे उभं करा. हात सहज जितका मागे जातो तितकाच न्या आणि बोटं जिथे टेकतात तिथे खडूने खूण करायला सांगा. ताण देऊन जिथे पोचता ती जागा नको. सहाव्या तासाला हात तिथे पोचणार नाही. ती खूण म्हणजे बाटलीच्या मानेची जागा. माझ्या बाबतीत ती पाठीला अगदी लागून आली. म्हणजे बाटलीचं डोकं पाठीजवळ पुढे आणि तळ मागे, अशी ती तिरपी हवी. उभी ठेवली तर मान काखेच्या मागे लपते.

डोकं धरायला सॅकचा आवळायचा पट्टा आहेच. त्यात फास ओवला आणि तो मागे सरकू नये म्हणून त्याच पट्ट्यावर लगेच मागे एक बक्कल चढवलं. तुमच्या सॅकला असा पट्टा नसेल तर खांद्याचा पट्टा वर जिथे सॅकला शिवलेला असतो तिथून एक पट्टी खाली सोडता येईल. तळ मागे धरून ठेवायला मात्र सॅकवर काहीच नव्हतं, आणि सुई लावावी लागली ती फक्त इथे.

सॅकच्या कापडाच्या मध्ये कधीही सुई लावू नका. पातळ कापडात टाक्यांची रांग म्हणजे तिकिटावरची भोकं, ओढ बसली की तिथूनच फाटतं, आणि पाणी आत येतं ते वेगळंच. जोड द्यायचा तो शिवणीत, जिथे आधीच तीन-चार थर एकत्र आलेले असतात. मी सॅकच्या तळाची, मागच्या कोपऱ्याजवळची शिवण अडीच सेंटीमीटर उसवली, दुमडलेल्या पट्ट्याचं ६ सेंटीमीटरचं तुकडं कडी बाहेर राहील असं आत सरकवलं, आणि सॅक उलटी करून जुन्या टाक्यांवरूनच टीप मारली, उसवलेल्या जागेच्या दोन्हीकडे २-२ सेंटीमीटर पुढे जात. एकदा जाताना, एकदा येताना. मग नळीच्या तळाला उरलेल्या पट्ट्याची एक छोटी पट्टी लावली आणि ती दुसऱ्या बक्कलाने या कडीत अडकवली. बक्कल आवळलं की नळी जागची हलत नाही.

घरात तपासणी अशी: सॅक भरून, बाटली काठोकाठ भरून, वीस उड्या. खाली वाकून बुटाची नाडी बांधा. हात मागेपुढे झुलवत चाला आणि कोपर बाटलीला आपटतो का बघा. माझा आपटत होता, नळी २ सेंटीमीटर खाली घेतल्यावर थांबला. मग डोळे मिटून दहा वेळा बाटली काढा आणि ठेवा. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढे निघा, उरलेलं रस्त्यात जमतं.

एका बाजूला किलोभर वजन आलं की छोटी सॅक तिकडे कलते. आत विरुद्ध बाजूला जड वस्तू लावा, पण पाणी संपत जातं तसा तोल उलटा फिरतो, म्हणून ती वस्तू किलोभराची नको, अर्ध्याची ठेवा. अर्ध्या दिवसानंतर बरोबर बसते.

ज्यांना एवढं शिवायचं नाही त्यांच्यासाठी एकच सांगते. अर्ध्या लिटरची सडपातळ बाटली खांद्याच्या पट्ट्यावर, समोर, रबरी दोरीच्या दोन फासांत बसते, एक मानेला, एक तळाला. तळाचा फास विसरू नका, नाहीतर ती छातीवर ढोल वाजवते. लिटरची बाटली तिथे नको, मान दुखते. आणि झाकणाच्या कडीला कॅरॅबिनर (दाबून उघडायची धातूची कडी) लावून बाटली सॅकला लोंबती ठेवायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. ती झुलते, तोल घालवते, आणि कडी तुटली की चढावर तुमच्या खाली जो असेल त्याच्याकडे किलोभर वजन जातं.

हा कप्पा वर्षभर वापरते आहे. तळाचा पट्टा दगडांवर घासून पिसारला होता, त्यावर एक तुकडा चढवला. तोंडाची पट्टी एकदा बदलली. डावीकडे अर्ध्या लिटरच्या बाटलीसाठी असाच दुसरा करायचा आहे. तिचा घेर २१ भरतो, म्हणजे नळी २५ ची. पँटचा दुसरा पाय आहे, पण घोट्याशीसुद्धा तो ३० च्या खाली जात नाही, त्यामुळे या वेळी आतून टीप मारावीच लागेल.